कायदा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास : सव्वीस आठवड्यांचे वेळापत्रक

कूळ, मुंडकार, एक-चौदाचा उतारा, वारसनोंद, कुळागराची वाटणी हे शब्द गोव्याच्या खेड्यापाड्यांतील प्रत्येक घराच्या परिचयाचे आहेत. येथील कूळ कायदा १९६४ चा आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. कौटुंबिक कायद्याचे मूळ तर थेट १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ मध्ये गोव्यात स्थापन झाले, त्यामुळे दाद मागण्यासाठी सामान्य माणसाला मुंबईची वाट धरावी लागत नाही. न्यायालय दाराशी आले. परंतु कागदपत्रे वाचून त्यांचा अर्थ आपल्या भाषेत समजावून सांगणारा, आपल्याच वाड्यावर वाढलेला विधिज्ञ मात्र आजही सर्वत्र आढळत नाही.

ही उणीव भरून काढण्याची पात्रता असलेली मुले-मुली खेड्यांतील उच्च माध्यमिक विद्यालयांत आजही शिकत आहेत. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा त्यास चालते. मात्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार एका प्रवेशपरीक्षेतून उघडते. ही परीक्षा बारावीच्या वर्षातच, शालान्त मंडळाच्या परीक्षेच्या दोन-तीन महिने अगोदर येते. अनेक होतकरू विद्यार्थ्यांना तिची माहिती ऑक्टोबरात होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. बुद्धीच्या उणिवेपेक्षा आखणीच्या अभावामुळेच अशी मुले मागे पडतात. जून महिन्यापासून या परीक्षेचा अभ्यास कसा आखावा, याचे विवेचन येथे केले आहे.

परीक्षेचे स्वरूप

पूर्वी प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपली स्वतंत्र परीक्षा घेत असे. निरनिराळे अर्ज, निरनिराळी शुल्के आणि एकमेकींवर येणाऱ्या तारखा यांमुळे विद्यार्थ्यांची मोठी ओढाताण होई. २००६ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यानंतर सात विद्यापीठांनी एकत्र येऊन २००८ मध्ये पहिली सामाईक विधी प्रवेशपरीक्षा घेतली. ‘क्लॅट’ या संक्षिप्त नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. २०१७ मध्ये या विद्यापीठांचा परिसंघ स्थापन झाला आणि आता परीक्षेचे संचालन तोच करतो. बेंगळुरूचे पहिले विद्यापीठ तर यात आहेच. शिवाय हैदराबादचे नालसार, भोपाळचे राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठ, गांधीनगरचे गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठे यांचे प्रवेशही याच परीक्षेतून होतात. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी कुटुंबांनाही ही परीक्षा तितकीच जवळची आहे.

परीक्षा दोन तासांची असते. प्रश्न १२० आणि गुण १२०. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो आणि सोडून दिलेल्या प्रश्नाचे काहीच कापले जात नाही. प्रश्नपत्रिकेचे पाच विभाग असतात. इंग्रजी भाषेचे २२ ते २६, सामान्य ज्ञानासह चालू घडामोडींचे २८ ते ३२, विधिविषयक तर्काचे २८ ते ३२, तर्कशास्त्राचे २२ ते २६ आणि अंकगणिती कौशल्याचे १० ते १४ प्रश्न असतात. पाचही विभागांत आधी एक उतारा व त्यानंतर त्यावरील काही प्रश्न अशी रचना असते. उत्तरे छापील उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने गोल भरून द्यावयाची असतात. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही.

परीक्षेस बसण्यासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. बारावीस सर्वसाधारण गटासाठी किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. बारावीत शिकत असलेला विद्यार्थीही बसू शकतो. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी २ ते ४ या वेळेत झाली. ७ डिसेंबर २०२५ च्या परीक्षेचे अर्ज ऑगस्टच्या प्रारंभापासून घेण्यात आले. शुल्क सर्वसाधारण गटासाठी ४,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील उमेदवारांसाठी ३,५०० रुपये होते. ही रक्कम खेड्यातील घरास लहान नाही. म्हणून तिची तजवीज जूनमध्येच करून ठेवलेली बरी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२० पूर्वीच्या प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न असत आणि पाठ केलेल्या माहितीवर थेट विचारलेले प्रश्न बरेच येत. २०२० पासून ही पद्धत पालटली. तेव्हा वडील भावंडाने जपून ठेवलेले जुने मार्गदर्शक पुस्तक हाती असेल, तर त्यावरील वर्ष आधी पाहावे. जुन्या पद्धतीवर केलेली मेहनत बव्हंशी वाया जाते.

खरी अडचण वाचनवेगाची

ही परीक्षा केवळ इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात यामुळे भय निर्माण होणे स्वाभाविक आहे. परंतु अडचण नेमकी कोठे आहे हे एकदा आकड्यांनी समजून घेतले, म्हणजे तिच्यावर उपायही सुचतो.

समजा, प्रश्नपत्रिकेत प्रत्येकी सुमारे ४०० शब्दांचे २४ उतारे आहेत आणि प्रत्येकावर ५ प्रश्न आहेत. म्हणजे केवळ उताऱ्यांचे शब्द झाले ९,६००. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे ४८ मिनिटे वाचनात जातील आणि १२० प्रश्नांसाठी ७२ मिनिटे, म्हणजे दर प्रश्नास ३६ सेकंद उरतील. मिनिटाला १२० शब्द वाचणाऱ्याचे मात्र ८० मिनिटे वाचनातच जातील आणि त्याला दर प्रश्नास अवघे २० सेकंद मिळतील. दोघांची बुद्धी सारखी असली, तरी दुसऱ्याचे पाच-सहा उतारे न वाचताच राहून जातील.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इंग्रजीचा विभाग पाचांपैकी एक असला, तरी इंग्रजी वाचन हा पाचही विभागांचा पाया आहे. आणि वाचनाचा वेग चार दिवसांत वाढत नाही. शेतात रोप लावल्यावर ते दररोज ओढून उंच करता येत नाही, तसेच हे आहे. त्यासाठी रोज थोडे, पण न चुकता, असे काही महिने द्यावे लागतात. जूनपासून आरंभ करण्याचे मुख्य कारण हेच होय.

तासांचा हिशेब

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत सुमारे २६ आठवडे मिळतात. सोमवार ते शुक्रवार रोज २ तास, शनिवारी २ तास आणि रविवारी ४ तास धरले, तर आठवड्याचे १६ तास होतात. २६ आठवड्यांचे ४१६. परंतु कागदावरील तास आणि प्रत्यक्षातील तास यांत अंतर असते. जून-जुलैत लावणी असते, चवथीचा आठवडा असतो, सहामाही परीक्षा आणि दिवाळी असते, ताप-पडसे असते. या सर्वांसाठी चार आठवडे आधीच वजा करून टाकावेत. उरतात २२ आठवडे व ३५२ तास. वेळापत्रक या ३५२ तासांचेच करावे. बुडालेल्या दिवसांची तरतूद ज्यात नाही, ते वेळापत्रक पहिल्याच सणाला मोडते. आणि एकदा मोडले की ते पुन्हा हाती घेण्याचा उत्साह राहत नाही.

आठवड्याच्या १६ तासांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

सोमवार ते शुक्रवार, सकाळी पाऊण तास : वृत्तपत्रवाचन व चालू घडामोडींची टिपणे.
सोमवार व गुरुवार, सायंकाळी सव्वा तास : इंग्रजी उतारे व शब्दसंग्रह.
मंगळवार व शुक्रवार, सायंकाळी सव्वा तास : विधिविषयक तर्क.
बुधवार, सायंकाळी सव्वा तास : तर्कशास्त्र.
शनिवार, दोन तास : अंकगणित.
रविवार, चार तास : इंग्रजी दीड तास, तर्कशास्त्र दीड तास आणि विधिविषयक तर्क एक तास.

अशा रीतीने २२ आठवड्यांत इंग्रजीस ८८ तास, चालू घडामोडींस सुमारे ८२, विधिविषयक तर्कास ७७, तर्कशास्त्रास ६० आणि अंकगणितास ४४ तास मिळतात. इंग्रजीस तिच्या गुणांच्या मानाने अधिक तास दिले आहेत. त्याचे कारण वर आलेच आहे. ज्या विद्यार्थ्याचे गणित पक्के आहे, त्याने शनिवारचा एक तास इंग्रजीकडे वळवावा. वेळापत्रक विद्यार्थ्यासाठी असते, हे ध्यानात ठेवावे.

पहिले दहा आठवडे : पायाभरणी

जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा काळ होय. या काळात घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडविण्याची घाई करू नये. वाचन, शब्द आणि मूलभूत कल्पना यांवरच सर्व भर असावा.

पहिल्याच दिवशी आपला वाचनवेग मोजावा. एखाद्या इंग्रजी दैनिकातील अग्रलेख घ्यावा, शब्द मोजावेत, किती मिनिटांत वाचून झाला ते पाहावे आणि वाचून झाल्यावर त्याचा सारांश मराठीत चार वाक्यांत लिहावा. सारांश लिहिता आला नाही, तर तो वेग खरा नव्हे. दर पंधरवड्याने हीच मोजणी पुन्हा करून आकडा वहीत नोंदवावा. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी एक सोपा उपाय आहे. एकच बातमी प्रथम मराठी दैनिकात वाचावी आणि लगेच इंग्रजी दैनिकात वाचावी. विषय आधीच कळलेला असल्यामुळे अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने उलगडतो आणि दर शब्दाला कोश उघडावा लागत नाही. सात-आठ आठवड्यांनंतर क्रम उलटा करावा : आधी इंग्रजी, मग पडताळा म्हणून मराठी.

रोज दहाच शब्द वहीत उतरावेत; मात्र प्रत्येक शब्द ज्या वाक्यात आला, ते वाक्यही लिहावे. महाविद्यालयात जाण्यायेण्यात कदंब बसमध्ये जो अर्धा-पाऊण तास जातो, तो ही वही चाळण्यास उत्तम. ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड’ अशा लहान शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. कायद्याच्या वाक्यात संपूर्ण अर्थ पुष्कळदा अशा एका शब्दावर फिरतो.

विधिविषयक तर्कासाठी कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो दिलेल्या घटनेस काटेकोरपणे लावता येतो की नाही, एवढेच पाहिले जाते. एक उदाहरण घेऊ. नियम असा : आपल्या जमिनीत स्वाभाविकपणे नसलेली व निसटल्यास हानी करील अशी वस्तू जो आणून साठवितो, तो ती निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास, त्याचा निष्काळजीपणा नसला तरीही, भरपाईस जबाबदार राहील. घटना अशी : एका बागायतदाराने कुशल गवंड्याकडून पाण्याचा मोठा हौद बांधून घेतला. एके रात्री हौदाची भिंत फुटली आणि पाण्याच्या लोंढ्याने शेजाऱ्याची पोफळीची रोपे वाहून गेली. बागायतदार जबाबदार आहे काय? पुष्कळ विद्यार्थी उत्तर देतात, ‘नाही, त्याने काम चांगल्या गवंड्याला दिले होते.’ ही सहानुभूती झाली, उत्तर नव्हे. निष्काळजीपणा नसला तरी जबाबदारी राहते, असे नियमच सांगतो. म्हणून उत्तर ‘होय’ असेच येते. या नियमाचा उगम इंग्लंडमधील रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याच्या १८६८ च्या निकालात आहे. परंतु ते ठाऊक नसले तरी प्रश्न सुटतो.

या विभागाच्या पार्श्वभूमीसाठी संविधानाचे मूलभूत हक्क व मार्गदर्शक तत्त्वे हे भाग, तसेच करार, अपकृत्य आणि गुन्हा या तीन कल्पना समजून घ्याव्यात. भारताच्या संविधानाची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे. कलम आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचल्यास परिभाषा आपोआप अंगवळणी पडते. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. ज्या पुस्तकात हा बदल नाही, त्यातील फौजदारी कायद्याचा भाग विश्वासार्ह मानू नये.

अंकगणित साधारण दहावीच्या पातळीचे असते. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, व्याज आणि तक्त्यावरून निष्कर्ष काढणे एवढ्यावर प्रभुत्व पुरे आहे. कला शाखेचे विद्यार्थी या विभागास भिऊन तो सोडून देतात. वस्तुतः थोड्या सरावात हमखास गुण देणारा हाच विभाग होय.

पुढील दहा आठवडे : विभागवार सराव

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हाच साप्ताहिक क्रम ठेवावा. मात्र आता घड्याळ समोर असावे. एक उतारा व त्यावरील पाच प्रश्न यांस प्रथम आठ मिनिटे द्यावीत, मग सात, मग सहा. परीक्षेत सरासरी पाच मिनिटेच मिळणार आहेत. वेग वाढविताना दहापैकी सात उत्तरेही बरोबर येत नसतील, तर एक पायरी मागे जावे. चुकीच्या उत्तरांसह मिळविलेला वेग गुण देत नाही.

तर्कशास्त्राच्या उताऱ्यात लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याने दिलेले कारण कोणते आणि न सांगता गृहीत धरलेली गोष्ट कोणती, हे तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावावी. वृत्तपत्रातील कोणत्याही अग्रलेखावर हा सराव होऊ शकतो. त्यासाठी वेगळे पुस्तक विकत घेण्याची गरज नाही.

चालू घडामोडींची टिपणे विषयवार ठेवावीत : न्यायालयीन निर्णय, संसदेने केलेले कायदे, आंतरराष्ट्रीय घडामोडी, अर्थव्यवस्था, विज्ञान व पर्यावरण, कला व क्रीडा. प्रत्येक घटनेपुढे काय घडले, कोठे, केव्हा, का आणि याआधी काय झाले होते, एवढे पाच ओळींत लिहावे. महिनाअखेरीस त्या महिन्याची टिपणे दोन पानांत आटोपशीर करावीत. डिसेंबरात चाळावयाची ती ही दोन-दोन पानेच. वृत्तपत्रांची चळत नव्हे.

याच टप्प्यात अर्ज भरावयाचा असतो. छायाचित्र, स्वाक्षरी, जातीचा अथवा उत्पन्नाचा दाखला लागणार असल्यास तो संबंधित कार्यालयातून वेळेवर मिळवावा. शेवटच्या तारखेची वाट पाहत दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे अभ्यासाचे दिवस खातात.

शेवटचे सहा आठवडे : पूर्ण प्रश्नपत्रिका

आता आठवड्यातून दोन संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. त्यांपैकी एक रविवारी, दुपारी बरोबर २ वाजता बसून ४ वाजता उठावे. दुपारचे जेवण झाल्यावर येणारी सुस्ती हा या परीक्षेचा न छापलेला सहावा विभाग आहे, असे म्हटल्यास चूक होणार नाही. त्या वेळी मन ताजे राखण्याची सवय शरीराला आधीपासून लागली पाहिजे. उत्तरे गोल भरूनच द्यावीत. १२० गोल भरण्यासही वेळ लागतो आणि एक ओळ चुकली की पुढची सारी उत्तरे चुकतात.

प्रश्नपत्रिका सोडविणे हे निम्मे काम झाले. दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेची छाननी किमान दोन तास करावी. त्यासाठी चुकांची स्वतंत्र वही ठेवावी आणि प्रत्येक चूक चारांपैकी एका रकान्यात लिहावी : उतारा कळला नाही, नियम चुकीचा लावला, वेळ अपुरा पडला, हयगय झाली. तीन-चार प्रश्नपत्रिकांनंतर कोणता रकाना भरतो आहे ते दिसू लागते. पुढच्या आठवड्याची सायंकाळची बैठक त्याच दुखण्यावर खर्च करावी. केवळ गुणांचा आकडा पाहून हर्ष वा खेद मानणाऱ्यास ही वही जे शिकविते ते कळत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचा निर्णय हिशेबाने करता येतो. चार पर्यायांपैकी एकही बाद करता न येता १६ प्रश्नांवर डोळे झाकून खूण केली, तर सरासरीने ४ बरोबर व १२ चूक येतील. मिळाले ४, वजा झाले ३, पदरी पडला १ गुण. तेवढ्यासाठी घालविलेला वेळ परवडत नाही. परंतु दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर त्याच १६ प्रश्नांत सरासरीने ८ बरोबर व ८ चूक. मिळाले ८, वजा २, पदरी ६. म्हणून दोन पर्याय बाद झाले असतील तर उत्तर द्यावे; एकही बाद होत नसेल तर पुढे जावे.

शेवटच्या आठवड्यात नवे काही वाचू नये. महिनावार टिपणे व चुकांची वही एवढेच पुरे. परीक्षाकेंद्र दूरचे असल्यास आदल्या दिवशीच त्या गावी पोहोचावे आणि रात्रीची झोप मोडू नये.

बारावीचा अभ्यास आणि घरातील वातावरण

प्रवेशपरीक्षेच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष होणे परवडणारे नाही. आवश्यक टक्केवारी तेथूनच यावयाची असते आणि प्रवेशपरीक्षेत अपेक्षित यश न मिळाल्यास पुढचा मार्गही बारावीच्या गुणांवरच अवलंबून राहतो. म्हणूनच वरील वेळापत्रकात रोज दोनच तास धरले आहेत. उरलेला वेळ बारावीचा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारनंतर मंडळाच्या परीक्षेपर्यंतचे सर्व आठवडे पूर्णपणे बारावीस द्यावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा स्वतंत्र असते. २०२४ व २०२५ मध्ये ती क्लॅटनंतर आठवड्याने झाली. तिला बसणाऱ्यांनी तेवढा एक आठवडा अधिक धरावा.

पालकांकडून या अभ्यासास फार काही लागत नाही. रोज ठराविक दोन तास कोणी हाक मारणार नाही, एवढी हमी पुरेशी आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत सायंकाळचा सव्वा तास घरकामातून मोकळा ठेवणे ही घरातील सर्वांचीच जबाबदारी मानली पाहिजे. भाऊ अभ्यासाला बसतो तेव्हा घर शांत राहते आणि बहीण बसते तेव्हा चुलीकडून हाक येते, असे जेथे घडते तेथे कोणतेही वेळापत्रक टिकत नाही.

खर्चाचा विचारही आधीच व्हावा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे शिक्षण व वसतिगृह मिळून वर्षाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत यांची चौकशी निकालानंतर नव्हे, तर अर्ज भरतानाच करावी.

शिक्षक आणि ग्रंथालये

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. बारावीच्या वर्गातील चार-पाच इच्छुक विद्यार्थ्यांचा गट करून आठवड्यातून एक तास दिला, तरी पुष्कळ साधते. इंग्रजीच्या शिक्षकांनी एक अग्रलेख, गणिताच्या शिक्षकांनी एक तक्ता, राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी संविधानातील एक कलम घ्यावे. एकमेकांची उत्तरे तपासताना, दुसऱ्याने वेगळे उत्तर का दिले हे ऐकणे हाच तर्कशास्त्राचा उत्तम पाठ होय. शहरातील शिकवणीवर्गांचे शुल्क ज्यांना झेपत नाही, त्यांना असा गट आधार देऊ शकतो.

दोन दैनिके विकत घेणे प्रत्येकास शक्य नसते. पंचायतीच्या वाचनालयात मराठीबरोबर एक इंग्रजी दैनिक घेतले जावे, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या मोठ्या ग्रंथालयांचा लाभ त्या त्या परिसरातील विद्यार्थ्यांनी घ्यावा. नमुना प्रश्न परिसंघाच्या संकेतस्थळावर मिळतात. शाळेच्या संगणकावरून त्यांच्या प्रती काढून देणे हे लहानसे, परंतु उपयुक्त काम आहे.

अन्य मार्ग

राष्ट्रीय विद्यापीठांतील जागा मर्यादित असतात आणि इच्छुक फार. चांगली तयारी करूनही सर्वांनाच प्रवेश मिळेल असे नाही, हे विद्यार्थ्याने व पालकांनी आधीच जाणून असावे. महाराष्ट्र राज्याची कायदा प्रवेशपरीक्षा मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांतून देता येते आणि तीत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास तो एक सोयीचा पर्याय आहे. गोव्यात मिरामार येथील साळगावकर कायदा महाविद्यालय व मडगावचे कारे कायदा महाविद्यालय, बेळगावात राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय अशा संस्थांनी आजवर वकिलांच्या अनेक पिढ्या घडविल्या आहेत. शिवाय कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. सनद मिळाल्यावर न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार तिन्ही मार्गांनी आलेल्यांना सारखाच असतो.

प्रवेश मिळो वा न मिळो, या सव्वीस आठवड्यांत लागलेली वाचनाची सवय वाया जात नाही. इंग्रजी उतारा न अडखळता वाचणारा, नियम आणि सहानुभूती यांतील फरक ओळखणारा, हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच सही करणारा तरुण ज्या घरात आहे, त्या घराला मामलेदार कचेरीची पायरी चढताना धास्ती वाटत नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी पाऊण तास वृत्तपत्र घेऊन बसावे. वेळापत्रकाचा आरंभ एवढ्यानेच होतो.